आग रामेश्वरीं, बंब सोमेश्वरीं

ही म्हण कोणा नगरपित्यास उद्देशून रचली गेली नसेल; पण लहान शहरांच्या अग्निव्यवस्थेचें इतकें नेमकें वर्णन दुसरें सांपडणें कठीण. गेवराईहून बीड तीस किलोमीटरांहून दूर आहे. मोठी आग लागून बीडहून बंब मागवावा लागला, आणि तो ताशीं पन्नास किलोमीटरांच्या वेगानें धांवत आला, तरी वाटेंतच निदान पस्तीस मिनिटें मोडावयाचीं. केंद्र सरकारच्या स्थायी अग्निसल्लागार समितीनें शहरी वस्तीस पांच ते सात मिनिटांची आणि ग्रामीण वस्तीस वीस मिनिटांची मर्यादा सुचविली आहे. पस्तीस मिनिटांत कापसाच्या गंजीचें काय होतें, हें गेवराईच्या शेतकऱ्यास आम्हीं सांगावें असें नाहीं.

आग विझविणें आणि त्या वेळीं जीवित व मालमत्ता यांचें रक्षण करणें हें नगरपरिषदेचें ऐच्छिक पुण्यकर्म नव्हे. 1965 च्या नगरपरिषद कायद्यानें तें आवश्यक कर्तव्यांत घातलें आहे. घटनेच्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीनें जोडलेल्या बाराव्या परिशिष्टांतही अग्निशमनाचा स्पष्ट उल्लेख आहे. कर्तव्य असें निःसंदिग्धपणें नेमून दिलें. पण तें पार पाडण्यास द्रव्य कोठून आणावें, याचें उत्तर तितकें निःसंदिग्ध नाहीं. 1999 सालीं नगरपरिषदांची जकात उठली आणि तिच्या जागीं सरकारी अनुदान आलें. नाक्यावर रोज पडणारा पैसा गेला आणि मुंबईकडे डोळे लावून बसणें आलें. घरपट्टी व पाणीपट्टी या राहिलेल्या साधनांची वसुली निवडणुकीच्या वर्षीं कशी मंदावते, हें सर्वांस ठाऊक आहे.

येथें एका गैरसमजाचें निराकरण केलें पाहिजे. बंब आला म्हणजे अग्निशमन सेवा आली, असें आपण समजतों. बंबाची पूजा होते, नारळ फुटतो, छायाचित्र निघतें. परंतु बंब हें यंत्र आहे, सेवा नव्हे. पंधराव्या वित्त आयोगानें 2021 ते 2026 या मुदतीसाठीं देशांतील अग्निशमन दलांच्या सुधारणेस पांच हजार कोटी रुपये सुचविले, व 2023 सालीं त्याची योजनाही निघाली. अशा अनुदानांचा रोख स्थानकें, यंत्रें व प्रशिक्षण यांवर असतो. दर महिन्याचा पगार त्यांतून भागत नाहीं. घोडा सरकार देईल, पण दाणावैरण रोज आपणांसच घालावी लागेल.

त्या दाणावैरणीचा हिशेब मांडून पाहूं. एका बंबावर चालकासह सहा माणसें धरलीं, तर तीन पाळ्यांस अठरा, आणि रजा-आजारपणासाठीं चार मिळून बावीस होतात. प्रत्येकामागें महिना तीस हजार रुपये खर्च कल्पिल्यास वर्षास एकोणऐशीं लाख वीस हजार रुपये लागतात. शहरांत करपात्र मालमत्ता आठ हजार आहेत असें समजलें, तर प्रत्येकीमागें वर्षास नऊशें नव्वद, म्हणजे महिन्यास ब्यांशी-त्र्यांशी रुपये पडतात. आंकडे केवळ नमुन्याचे आहेत. नगरपरिषदेनें खरे आंकडे घालून हाच हिशेब लोकांपुढें मांडावा. रक्कम लहान नाहीं, पण आवांक्याबाहेरचीही नाहीं.

शहरापुढें मार्ग तीन आहेत. पहिला, बीडच्या भरंवशावर राहण्याचा. तो वर सांगितलेल्या पस्तीस मिनिटांनीं बाद होतो. दुसरा, सर्व भार एकट्या करदात्यावर टाकण्याचा. तो न्याय्य नाहीं. कारण गेवराईचा बंब शहरापुरता धांवत नाहीं. धुळे-सोलापूर महामार्गावरील अपघात, खेड्यांतील कडब्याच्या गंजी, विजेच्या ठिणगीनें पेटलेला ऊंस, या सर्वांकडे त्यालाच जावें लागतें. म्हणून तिसरा मार्ग आम्हांस ग्राह्य वाटतो. कायम व शिकलेल्या माणसांचें एक पथक नगरपरिषदेनें ठेवावें; बाजार समिती, जिनिंगचे मालक, गढीचा साखर कारखाना आणि जिल्हा परिषद यांनीं लेखी करारानें खर्चाचा वांटा उचलावा; आणि निम्मा पगार राज्य सरकारनें सोसावा. कर आकारतांना पत्र्याचें खोपट आणि कापसाचें गोदाम यांस एकाच मापानें मोजूं नये. ज्याच्या घरीं जळण्यासारखें अधिक, त्यानें अधिक द्यावें.

कोणी म्हणेल, वर्षांतून चार आगी लागावयाच्या. त्यांसाठीं बावीस माणसें बसवून कां पोसावीं? त्यांस आमचें उत्तर असें कीं, तीं बसलेलीं नसावींत. 2006 च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्यानें आगीपासून बचावाचीं साधनें चालू स्थितींत ठेवण्याची जबाबदारी मालकावर व भोगवटादारावर टाकली आहे. ती पाळली जाते कीं नाहीं हें या माणसांनीं दवाखाने, शाळा, मंगल कार्यालयें व जिनिंग हिंडून पाहावें. भंडाऱ्याच्या रुग्णालयांत 9 जानेवारी 2021 रोजीं दहा अर्भकें दगावलीं. त्यानंतर तपासणीचे हुकूम सुटले. हुकूम सुटण्यास अर्भकांचा बळी लागावा, ही आपली रीत लाजिरवाणी आहे.

पाण्याचा विचारही आधींच हवा. साडेचार हजार लिटरांची टांकी जोरानें सोडल्यास कांहीं मिनिटांतच रिकामी होते. आणि कापसाची गांसडी वरून विझली तरी आंत धुमसत राहते. 14 एप्रिल 1944 रोजीं मुंबईच्या गोदींत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजावर अशाच कापसांत धुमसलेली आग दारूगोळ्यापर्यंत पोंचली आणि अग्निदलाचे सहासष्ट जवान कामीं आले. म्हणून भर उन्हाळ्यांतही बंब भरतां येईल असा राखीव सांठा व तोटी जलकुंभापाशीं ठेवावी.

येत्या अंदाजपत्रकांत अग्निशमनाचा जमाखर्च स्वतंत्र पानावर छापावा, एवढीच आमची पहिली मागणी आहे. या कामासाठीं किती घेतलें, किती खर्चिलें, किती माणसें नेमलीं, हें नागरिकास वाचतां आलें म्हणजे तो करही देईल आणि जाबही विचारील. विहीर तहान लागण्यापूर्वीं खणावयाची असते. आग लागल्यावर तर ती खणण्यास हात मोकळे राहत नाहींत.