आरशातला चेहरा

माझी पुतणी गेल्या वर्षी पदवीधर झाली. त्या निमित्ताने काढलेले छायाचित्र हाती येताच तिचा चेहरा उतरला. "किती वाईट आलंय!" ती म्हणाली. आईने मात्र कौतुकाने पाहिले व म्हटले, "वाईट कसलं? अगदी तुझ्यासारखं आलं आहे!" झाले! मुलगी जी रडू लागली ती थांबेचना.

वस्तुतः दोघींचेही म्हणणे खरे होते. आपला चेहरा आपल्याला प्रत्यक्ष कधीच दिसत नाही. आपण ओळखतो ते आरशातील प्रतिबिंब. डाव्या गालावर तीळ असला, तर आरशातही तो आपल्या डाव्या हाताकडेच दिसतो. समोरच्या माणसाला मात्र तो त्याच्या उजव्या हाताकडे दिसतो, आणि छायाचित्र पाहते ते त्या माणसाच्या बाजूने. कोणाच्याही चेहऱ्याचे दोन भाग तंतोतंत सारखे नसतात. म्हणूनच छायाचित्रातील आपण आपल्याला किंचित परके भासतो.

पण परके ते नावडते का व्हावे? जी वस्तू वारंवार दृष्टीस पडते ती आवडू लागते, असे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ साली दाखवून दिले. पुढे १९७७ साली मिटा, डर्मर व नाइट या अमेरिकन संशोधकांनी विद्यार्थिनींची छायाचित्रे दोन प्रकारे छापली. एक सरळ, दुसरे आरशातल्यासारखे उलटे. स्वतःचे उलटे चित्र पसंत करणाऱ्या अधिक निघाल्या. त्यांच्या मैत्रिणींचा कौल मात्र सरळ चित्राकडे पडला. चेहरा तोच; फरक केवळ सवयीचा!

मी पुतणीला ते छायाचित्र आरशासमोर धरून प्रतिबिंबात पाहावयास सांगितले. "ही मात्र मी!" ती उद्गारली.

रूपाविषयीचे सारेच दुःख असे आरशाने हलके होत नाही. वर्णावरून वा उंचीवरून वडीलधाऱ्यांनी सहज उच्चारलेला शब्द मुलांच्या मनात वर्षानुवर्षे घर करून राहतो. तो न उच्चारणे मात्र आपल्या हाती आहे.

श्रोतेहो, हे भाषण ध्वनिमुद्रित होऊन मी ऐकेन, तेव्हा माझाच आवाज मला परका वाटेल. कारण बोलताना तो कवटीच्या हाडांतूनही माझ्या कानी पोहोचतो, आणि आपल्याकडे येतो तो केवळ हवेतून. आपण मात्र म्हणाल, "अगदी त्यांच्यासारखाच आला आहे!" त्या वेळी मी रडणार नाही.