कप्तान डॉक्टर
मैदान आणि दवाखाना : भाग ७

कळंबोलीला खेटून कामोठ्यात एमजीएमचं मेडिकल कॉलेज आहे. तिथल्या पहिल्या वर्षाच्या पोराला विचारून पाहा, अ‍ॅनाटॉमी सांभाळून एखाद्या नामांकित क्लबकडून फुटबॉल खेळशील का? तो वेड्यात काढील. तालिमेरेन आओ यांनी मेडिकल शिकता शिकता मोहन बागानचं कप्तानपद सांभाळलं.

नागा टेकड्यांतल्या चांगकी गावी १९१८ मध्ये त्यांचा जन्म. वडील धर्मोपदेशक, घरात बारा भावंडं, खेळायला चिंध्यांचा चेंडू. १९३५ मध्ये वडील टायफॉइडने गेले. पोराने डॉक्टर होऊन आपल्या माणसांत काम करावं, एवढी इच्छा सांगून. गुवाहाटीच्या कॉटन कॉलेजातून आओ १९४२ मध्ये कोलकात्याच्या कारमायकेल मेडिकल कॉलेजात आले, आजचं आर. जी. कर ते हेच.

मग १९४८ चं लंडन ऑलिंपिक. स्वतंत्र भारताचं पहिलंच पथक. आपले गोळेश्वरचे खाशाबा जाधव त्याच पथकात होते, कुस्तीत सहावे आले. वेम्बलीवरच्या संचलनात तिरंगा होता फुटबॉलच्या या कप्तानाच्या हाती. दोनच दिवसांनी, ३१ जुलैला, इलफर्डला फ्रान्सशी गाठ पडली. आपले बहुतेक गडी अनवाणी. कोरड्या मैदानात उघड्या पायाला चेंडू छान कळतो, ओल्या गवतावर मात्र तोच पाय घसरतो. आपण दोन पेनल्टी दवडल्या, शेवटी-शेवटी गोल खाल्ला आणि २-१ असे हरलो. अनवाणी पायांचं कौतुक आजवर पुष्कळ झालं; मला त्या दोन पेनल्टीच अजून सलतात.

आर्सेनलने आओंना करार देऊ केला होता आणि त्यांनी तो नाकारला, असं सांगतात. त्याला ‘त्याग’ म्हटलं की आपण मोकळे होतो. पण तेव्हा आपल्याकडे फुटबॉल हा हौशी खेळ. त्यावर संसार चालत नसे. पोटासाठी दुसरं काही हवंच होतं. १९५० मध्ये एम.बी.बी.एस. झालेल्या, कोलकात्यात घरोघरी नाव पोचलेल्या या माणसाला तिथे दवाखाना टाकणं काय अवघड होतं? ते दिब्रुगडला कान-नाक-घसा विभागात काही काळ राहिले आणि १९५३ मध्ये कोहिम्याच्या सरकारी इस्पितळात रुजू झाले. जपानी आणि ब्रिटिश फौजांच्या लढाईत १९४४ साली हे गाव पार उद्ध्वस्त झालेलं. थोड्याच वर्षांत नागा बंडखोरीही पेटली. १९५८ मध्ये तर लष्कराला विशेष अधिकार देणारा कायदाच आला. अशा मुलखात सरकारी डॉक्टर होणं, माझ्या मते, आर्सेनलला नाही म्हणण्यापेक्षा कितीतरी कठीण.

१९६३ मध्ये नागालँड राज्य झालं आणि आओ तिथल्या आरोग्य सेवेचे संचालक झाले. १९७८ मध्ये निवृत्ती, १९९८ मध्ये निधन. ईशान्येत त्यांच्या नावाने फुटबॉल स्पर्धा भरते.

पुढच्या आठवड्यात ब्राझीलचा सॉक्रेटिस. त्यानेही मेडिकल करता करताच फुटबॉल खेळला, पण पदवी हाती आल्यावर दवाखाना बाजूला ठेवला.