लिनक्स आतून (भाग ६) : नेटवर्क कार्डाला कुलूप कुठे लावायचं?

गेल्या आठवड्यात आपण '/डेव्ह' पाहिलं. डिस्क, सीरियल पोर्ट, कॅमेरा ही सगळी उपकरणं तिथे फाईलच्या रूपात असतात. 'चमॉड'ने परवानगी काढली की काम झालं.

आता अंबड किंवा सातपूरच्या एखाद्या कारखान्यातला लिनक्स संगणक डोळ्यांपुढे आणा. त्याला दोन नेटवर्क कार्डं. एक सीएनसी मशीनकडे जाणारं, दुसरं ऑफिसच्या इंटरनेटकडे. मशीनची माहिती गोळा करणाऱ्या प्रोग्रामने दुसऱ्या कार्डाला हातही लावू नये, ही मागणी रास्तच आहे. पण '/डेव्ह'मध्ये त्या कार्डाची फाईलच सापडत नाही. १९८३च्या ४.२ बीएसडीने नेटवर्कसाठी सॉकेट ही वेगळी वाट काढली आणि लिनक्सनेही तीच धरली. बेल लॅब्जच्या 'प्लॅन ९'ने पुढे नेटवर्कही फाईलींमध्ये आणलं, पण ती प्रणाली फारशी पसरली नाही.

मग राखण कोणाची? बराच काळ फक्त रूटची. साध्या 'पिंग'लाही कच्ची पाकिटं पाठवण्यासाठी रूटचे सगळे अधिकार द्यावे लागत. म्हणजे पिंगमध्ये चूक निघाली की अख्खं मशीन धोक्यात. १९९९च्या लिनक्स २.२ने या अधिकारांचे तुकडे केले. कार्डाची मांडणी बदलण्याचा अधिकार 'कॅप नेट अ‍ॅडमिन', कच्च्या पाकिटांचा 'कॅप नेट रॉ'. कॉलेजच्या लॅबमध्ये नेटवर्कवरची पाकिटं टिपणारं वायरशार्क शिकवताना प्रत्येक विद्यार्थ्याला 'सुडो' देणं मला पटत नाही. डेबियनवर फक्त 'डम्पकॅप' या छोट्या प्रोग्रामला हे अधिकार देऊन तो 'वायरशार्क' गटापुरता ठेवता येतो.

आपल्या कारखान्याचा प्रश्न मात्र यानेही सुटत नाही. साधं टीसीपी कनेक्शन करायला कोणताच खास अधिकार लागत नाही. कोणत्या कार्डाने जायचं ते कर्नल राउटिंग टेबल पाहून ठरवतं. प्रोग्रामसाठी वेगळा युजर करून 'आयपीटेबल्स'मध्ये त्या युजरची पाकिटं दुसऱ्या कार्डावर अडवता येतात. पण तो नियम आयपीव्ही४ पुरताच. आयपीव्ही६साठी वेगळा लिहायचा राहिला, तर वाट उघडीच.

म्हणून माझा कौल नेटवर्क नेमस्पेसला. २००८च्या २.६.२४ कर्नलपासून ही सोय रुजू लागली आणि डॉकरही तिच्यावरच उभं आहे. प्रत्येक नेमस्पेसची कार्डं, पत्ते आणि राउट स्वतंत्र असतात. खरं कार्ड एका वेळी एकाच नेमस्पेसमध्ये राहतं. मशीनकडचं कार्ड नव्या नेमस्पेसमध्ये हलवून प्रोग्राम तिथेच सुरू करायचा. मनाई मोडायचा प्रश्नच नाही, कारण दुसरं कार्ड त्याला दिसतच नाही. प्रोग्राम रूट म्हणून मात्र चालवू नका. रूटला मूळ नेमस्पेसमध्ये परतता येतं.

सिस्टमडीच्या २५०व्या आवृत्तीपासून सर्व्हिसच्या फाईलमध्ये 'रिस्ट्रिक्ट नेटवर्क इंटरफेसेस' ही एक ओळ लिहूनही ठरावीक कार्डांचीच मुभा देता येते.

नेमस्पेस वापरणार असाल, तर एवढं लक्षात ठेवा : कार्ड हलवताना त्याचा आयपी पत्ता पुसला जातो. तो पुन्हा द्यावा लागतो. शिवाय नव्या नेमस्पेसमधलं 'लो' (लूपबॅक) इंटरफेस सुरुवातीला बंद असतं. ते चालू केलं नाही, तर त्याच संगणकावरच्या डेटाबेसशी १२७.०.०.१ वरून बोलणारा प्रोग्राम तिथे अडतो. आणि 'लो' चालू केलं तरी ते त्या नेमस्पेसपुरतंच असतं, त्यामुळे डेटाबेसही तिथेच चालवावा लागतो.