तीन अधिक आश्विन, तीन तोरणं

एरवी सर्वपित्री झाली की दुसऱ्या दिवशी घट बसतात आणि दसरा अंगावर येतो. अधिक आश्विन आला की मध्ये अख्खा महिना मिळतो. तो साधारण 19 वर्षांनी फिरून येतो. माझ्या विणकामाला तो तीनदा लाभला, 1982, 2001 आणि 2020 साली. मंगलकार्यं बंद, घरातली गडबड कमी. जावयाला तेहेतीस अनारशांचं वाण दिलं की दुपारी क्रोशाची सुई हातात.

1982 साली आई शेजारी होती. पांढऱ्या सुती दोऱ्याची पट्टी, लाल किनार, खाली आंब्याची एकवीस हिरवी पानं. पानाला पंधरा साखळ्या. टोकाशी मुका खांब, मग अर्धा, पोटाशी पूर्ण खांब, पुन्हा उतरत मुका खांब, आणि साखळीच्या दुसऱ्या अंगाने तसंच परत. माझा हात घट्ट, त्यामुळे पानं वाटीसारखी आत वळायची. आई म्हणायची, "दोरा ओढू नकोस गं, बोटावरून वाहू दे." पुढे धुताना लाल रंग पांढऱ्या पट्टीत उतरला आणि मी रडले. आईने तेच तोरण पुढच्या दसऱ्याला दाराला लावलं. ते गुलाबी डाग मला आज पानांहून जास्त ओळखीचे वाटतात.

2001 पर्यंत आमच्या दुकानात लुधियानाची ॲक्रिलिक लोकर रंगांच्या ढिगाने मिळू लागली होती. केशरी, पिवळी, हवी तेवढी. मी झेंडू विणले. लांब साखळी घालून एकेका टाक्यात चार-चार खांब कोंबले की पट्टीला चुण्या पडतात. ती गुंडाळून बुडाशी शिवली की फूल तयार. दिसायला सगळ्यात देखणं तोरण तेच. येणारे-जाणारे हात लावून बघत. पण रंग विकत मिळाला म्हणून फुलं झाली. ते करताना मी खऱ्या झेंडूकडे फारसं पाहिलंच नव्हतं.

2020 चा आश्विन आठवला की घराची शांतता आठवते. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. बाजारात जायचं नव्हतं, लोकर नव्हती. कपाटात तिचा मोतिया रंगाचा स्वेटर होता, कोपरांवर विरलेला. चार दिवस तो नुसता बाहेर काढून ठेवला. पाचव्या दिवशी गळ्याची गाठ सोडली. उसवलेली लोकर शेवयांसारखी कुरळी निघते. खुर्चीच्या पाठीला गुंडाळून तिच्या लडी केल्या, कोमट पाण्यात भिजवल्या, खाली तांब्या टांगून वाळत घातल्या. दोन दिवसांत धागा सरळ झाला. विरलेल्या जागी तुटला तिथे गाठी मारल्या.

त्या रंगाला एकच गोष्ट शोभत होती, भाताची लोंबी. आमच्याकडे कोकणात दसऱ्याला दारावर नवं बांधतात. नव्या भाताच्या लोंब्या, आंब्याचं पान आणि कुरडूचं फूल. लहानपणी आई अंगणात उभी राहून ते बांधायची, मी खालून सुतळी द्यायची. आता नुसत्या आठवणीवरून लोंबी विणायची होती. एक साखळी, तिच्यावर तीन साखळ्या घालून त्याच टाक्यात परत शिरायचं की एक दाणा उभा राहतो. दाणे समोरासमोर ठेवले तर वेणी दिसते, एकाआड एक ठेवले की भात. हे कळायला सहा लोंब्या उसवाव्या लागल्या. खरी लोंबी दाण्यांच्या भाराने वाकते, म्हणून टोकाकडे दाणे दाट घेतले. गाठी लपवायच्या नाहीत असं ठरवलं. त्या देठाच्या पेरांसारख्या दिसल्या.

त्या वर्षी दसरा 25 ऑक्टोबरला होता. पाहुणा कोणी येणार नव्हता, तरी सकाळी सडा घातला, उंबरठा पुसला आणि लोंब्या दारावर टांगल्या. वारा आला की त्या हलत. स्वेटरची एक बाही मी तशीच ठेवली आहे, न उसवता, लोंब्यांच्याच डब्यात.