शैलीपत्रकांचे असमकालिक भारण

शैलीपत्रकांचे असमकालिक भारण : संकेतस्थळावरील पृष्ठाचे दृश्य रूप ठरविणारी शैलीपत्रके (स्टाइलशीट) त्या पृष्ठाची पहिली रंगणी न अडविता, तिच्या बरोबरीने वा तिच्यानंतर ब्राउझरमध्ये उतरवून घेण्याची पद्धती. पडदा कोरा राहण्याचा काळ कमी करणे हा तिचा हेतू होय.

पृष्ठातील मजकूर व त्याची रचना एचटीएमएल या भाषेत लिहितात. अक्षरांचा आकार, रंग, रकाने, समास इ. बाबी मात्र शैलीपत्रकात असतात. ही विभागणी साधणारी सीएसएस ही भाषा होकोन व्हियुम ली यांनी १९९४ मध्ये जिनीव्हाजवळील सर्न या संशोधन संस्थेत असताना सुचविली. बर्ट बॉस यांच्या सहकार्याने तिला निश्चित रूप आले व डिसेंबर १९९६ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने तिची पहिली पातळी शिफारस म्हणून प्रसिद्ध केली.

अडवणुकीचे कारण : ब्राउझर एचटीएमएलचा मजकूर जसजसा येईल तसतसा वाचून त्याचा वृक्षाकार आराखडा तयार करतो. शैलीपत्रकाच्या बाबतीत अशी सवड नसते. सीएसएसमध्ये समान अधिकाराच्या दोन नियमांपैकी नंतर आलेला नियम प्रभावी ठरतो. त्यामुळे अर्धवट आलेल्या शैलीपत्रकाच्या आधारे पृष्ठ रंगविल्यास ते क्षणार्धात पुन्हा रंगवावे लागण्याचा संभव असतो. म्हणून पृष्ठाच्या शीर्षभागात जोडलेले शैलीपत्रक संपूर्ण हाती येईपर्यंत ब्राउझर काहीच दाखवीत नाही. त्याच्यानंतर येणाऱ्या सामान्य स्क्रिप्टही थांबून राहतात, कारण एखाद्या घटकाची रुंदी वा रंग विचारणाऱ्या स्क्रिप्टला शैली ठरल्याशिवाय खरे उत्तर देता येत नाही. ही अडवणूक म्हणजे ब्राउझरचा दोष नव्हे. वाचकाला ओबडधोबड पृष्ठ दिसू नये यासाठी पत्करलेली ती किंमत आहे.

किंमत किती मोजावी लागते, हे बहुधा फायलीच्या आकारापेक्षा संदेशांच्या फेऱ्यांवर अवलंबून असते. शैलीपत्रक दुसऱ्याच सर्व्हरवर असल्यास त्याचा पत्ता शोधणे, जोडणी करणे, ती सुरक्षित करणे व शेवटी फाइल मागविणे यांत चार ते पाच फेऱ्या सहज खर्च होतात. मंद मोबाइल जाळ्यात एका फेरीस ३०० मिलिसेकंद लागतात असे धरल्यास, फाइल कितीही लहान असली तरी सव्वा ते दीड सेकंद केवळ वाट पाहण्यात जातो. तो दुसरा सर्व्हर बंद पडला असेल, तर मजकूर वाचकाच्या यंत्रात येऊन पोहोचलेला असूनही पडदा दीर्घकाळ पांढराच राहतो. एका शैलीपत्रकातून दुसरे मागविण्याची ‘इंपोर्ट’ ही आज्ञा या विलंबात भर घालते. पहिले पत्रक वाचल्याखेरीज दुसऱ्याचे अस्तित्वच कळत नाही.

पद्धती : सर्वांत सुटसुटीत युक्ती शैलीपत्रकाच्या ‘मीडिया’ या गुणधर्मावर आधारलेली आहे. हे पत्रक फक्त छपाईसाठी आहे असे सांगितले, की ब्राउझर ते कमी अग्रक्रमाने उतरवतो व त्यासाठी रंगणी अडवीत नाही. फाइल पूर्ण आल्याची सूचना मिळताच तो गुणधर्म बदलून ‘सर्व माध्यमांसाठी’ असा करतात आणि शैली लागू होते. स्क्रिप्ट बंद ठेवणाऱ्या वाचकांसाठी मूळ जोडणी वेगळी द्यावी लागते. कडक सुरक्षा धोरण असलेल्या संकेतस्थळांवर पृष्ठातच लिहिलेली अशी सूचना-आज्ञा चालत नाही. तेथे स्वतंत्र स्क्रिप्टद्वारे पत्रक जोडतात. स्क्रिप्टने नंतर घातलेले पत्रकही रंगणी अडवीत नाही. ‘प्रीलोड’ या सोयीने फाइल उच्च अग्रक्रमाने आणून ठेवता येते, मात्र ती लागू करण्याचे काम वेगळे करावे लागते.

या युक्तीला जोड न दिल्यास पृष्ठ प्रथम विवस्त्र दिसते व मग एकदम सजते. म्हणून पडद्याच्या वरच्या भागास आवश्यक तेवढे नियम निवडून ते एचटीएमएलमध्येच लिहितात. उरलेले पत्रक मागाहून येते. नव्या जोडणीत पहिल्या खेपेस साधारणतः दहा पुडकी, म्हणजे सु. १४ किलोबाइट माहिती पाठविता येते. हा मजकूर व नियम संक्षिप्त करून तेवढ्यात बसविण्याचा प्रयत्न असतो. परंतु निवड करणे वाटते तितके सोपे नाही. मोबाइलच्या पडद्यावरील ‘वरचा भाग’ व मोठ्या संगणकावरील ‘वरचा भाग’ एक नसतो, आणि पृष्ठातच लिहिलेले नियम वेगळ्या फायलीप्रमाणे साठवून पुन्हा वापरता येत नाहीत. ते प्रत्येक पृष्ठाबरोबर नव्याने येतात.

मर्यादा : नंतर आलेल्या शैलीमुळे मजकूर खाली-वर सरकला, तर वाचणाऱ्याची ओळ हरवते आणि बोट भलत्याच कळीवर पडते. गूगलने २०२० मध्ये पृष्ठांच्या गुणवत्तेसाठी जे निकष जाहीर केले, त्यांत अशा सरकण्याचेही मापन आहे. तेव्हा वेग मिळवून स्थैर्य गमावणे हा सौदा तोट्याचा ठरू शकतो.

देवनागरी पृष्ठांबाबत हा प्रश्न अधिक नाजूक आहे. जोडाक्षरांच्या आकृत्यांमुळे देवनागरी फाँटच्या फायली बऱ्याचदा रोमन फाँटपेक्षा मोठ्या असतात आणि फाँटचा पत्ता बहुधा शैलीपत्रकातच असल्याने पत्रक लांबले की फाँटही लांबतो. तोवर दिसणाऱ्या पर्यायी फाँटची शिरोरेषा व ओळींची उंची निराळी असल्यास परिच्छेदाची लांबीच बदलते. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस अनेक मराठी संकेतस्थळे युनिकोडऐवजी विशिष्ट फाँटच्या खाजगी संकेतांवर चालत. फाँट न आल्यास वाचकासमोर रोमन अक्षरांचा निरर्थक गुंता उभा राही. युनिकोडच्या प्रसारामुळे फाँट उशिरा आला तरी मजकूर वाचता येतो. फाँटची वाट पाहताना अक्षरे अदृश्य न ठेवता पर्यायी फाँटमध्ये दाखवावीत, अशी सूचना आता शैलीपत्रकातच देता येते.

शैलीपत्रक काही किलोबाइटांचे व मूळ सर्व्हरवरच असेल, तर या खटाटोपाची सहसा गरज पडत नाही. तेथे न वापरलेले नियम काढून टाकणे, फाइल संक्षिप्त करणे व ती ब्राउझरमध्ये दीर्घकाळ साठवू देणे हेच उपाय अधिक फलदायी ठरतात.