पाच डॉलर, सर्व वयांसाठी

अमेरिकेतल्या रॉक क्लबचा गल्ला बारवर भरतो. गाणं गिऱ्हाईक आत आणतं, कमाई दारूतून होते. त्यामुळे ज्याला कायद्याने दारू विकता येत नाही अशा सोळा-सतरा वर्षांच्या पोराला दारातूनच परत पाठवलेलं मालकाला सोयीचं वाटतं. ज्या वयात हे संगीत सगळ्यात जास्त अंगात भिनतं, नेमकं तेच वय रस्त्यावर उभं राहतं.

वॉशिंग्टनच्या ‘टीन आयडल्स’ या विशीच्या आतल्या पोरांच्या पंक बँडला हा अनुभव १९८० साली सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘माबुहाय गार्डन्स’ क्लबमध्ये आला. तिथे तोडगा निघाला तो असा, की मुलांच्या हाताच्या पाठीवर काळ्या शाईने मोठी फुली मारायची, म्हणजे बारवाला त्यांना दारू देणार नाही. पोरांनी हा तोडगा आपल्या गावी नेला आणि तिथल्या क्लबवाल्यांपुढे ठेवला. बँड लवकरच फुटला. साठवलेल्या पैशांतून त्यांनी स्वतःची रेकॉर्ड काढली आणि तेवढ्यासाठी ‘डिस्कॉर्ड’ नावाची कंपनी उभी केली. बँडचा बासवादक इयान मकाय आणि ड्रमवादक जेफ नेल्सन हे तिचे संस्थापक. पुढे ‘मायनर थ्रेट’ हा मकायचा बँड गाजला आणि १९८३ मध्ये संपलाही.

‘फुगाझी’ या मकायच्या पुढच्या बँडची गोष्ट इथून सुरू होते. ३ सप्टेंबर १९८७ला वॉशिंग्टनच्या विल्सन सेंटरमध्ये पहिला कार्यक्रम झाला. मकाय गिटारवर आणि गायला, जो लॅली बासवर, ब्रेंडन कँटी ड्रमवर. गी पिचोटो थोड्याच दिवसांत आला, आधी फक्त गायला. १९९०च्या ‘रिपीटर’ अल्बमपासून त्याची गिटार ऐकू येते. १९८७पासून २००२पर्यंत या चौघांनी अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत आणि परदेशांत मिळून १०००हून जास्त कार्यक्रम केले.

ते जमलं कसं, याचं उत्तर तिकिटात आहे. तिकीट पाच डॉलर, आणि प्रवेश सर्व वयांना. या दोन अटी मान्य नसतील तर कार्यक्रम नाही. पुढे क्वचित एखाद-दोन डॉलर वाढले, पण तत्त्व ढळलं नाही. अनेक जण याकडे समाजसेवा म्हणून पाहतात. मला तो पक्का व्यवहार वाटतो. तिकीट स्वस्त ठेवायचं तर खर्च मुळातच कमी हवा. म्हणून मॅनेजर नाही, एजंट नाही, वकील नाही. मकाय घरून फोन करून स्वतः तारखा ठरवायचा. प्रवास व्हॅनने, मुक्काम ओळखीपाळखीच्यांच्या घरी, बऱ्याचदा जमिनीवर पथारी पसरून. बारवाला अडून बसला तर चर्चचा हॉल, शाळेचा जिमखाना, एखादं सामाजिक सभागृह. मोठ्या कंपन्यांचे बँड ज्या गावांकडे फिरकत नसत, तिथे हे पोचत. एकदा आलेला पोरगा पुढच्या वेळी चार मित्र घेऊन येई, कारण पाच डॉलर खिशात असतातच. जाहिरातीवर खर्च न करता गर्दी वाढत गेली ती अशी.

बँडच्या नावाचे टी-शर्ट त्यांनी विकले नाहीत. दारू-सिगारेटच्या जाहिराती छापणाऱ्या मासिकांना मुलाखती दिल्या नाहीत. १९९३ साली ‘इन ऑन द किल टेकर’ बिलबोर्डच्या २०० अल्बमांच्या यादीत आला. तो ‘निर्व्हाना’ या बँडच्या यशानंतरचा काळ, मोठ्या कंपन्या अशा बँडांच्या शोधात हिंडत होत्या. बोलणी करायला आलेल्यांना या चौघांनी नम्रपणे नकार दिला. रेकॉर्ड काढणारी कंपनी घरचीच होती, मग दुसऱ्याकडे जायचं कशासाठी?

मंचावर काय चालायचं, हा मला सगळ्यात मोलाचा भाग वाटतो. गाण्यांची यादी आधी ठरलेली नसे. एकाने गिटारवर एक तुकडा छेडला की बाकीचे तिघं ओळखून त्या गाण्यात शिरत. दोन गाण्यांमधला पूल तिथल्या तिथे बांधला जाई. कँटीच्या ड्रमशेजारी एक मोठी घंटा टांगलेली असे, तिचा टोला कधी पडेल याचा भरवसा नसे. लॅलीच्या बासमध्ये रेगेचा झोका होता. वॉशिंग्टनच्या कृष्णवर्णीय वस्त्यांतलं ‘गो-गो’ हे संगीतही मुळात मंचावरच जगणारं. ‘मायनर थ्रेट’चा शेवटचा कार्यक्रम झाला तो ‘ट्रबल फंक’ या गो-गो बँडच्या जोडीनेच. या मातीत वाढलेल्यांना ताल म्हणजे फक्त वेग असं कधी वाटलंच नसावं. मंचावरचा हा सराव रेकॉर्डवर नेहमी उतरला असं मात्र नाही. १९९१चा ‘स्टेडी डाएट ऑफ नथिंग’ मला कोरडा वाटतो. तीच गाणी कार्यक्रमात पेटून उठतात. उलट ‘फर्निचर’ हे अगदी सुरुवातीच्या काळातलं गाणं वर्षानुवर्षं मंचावर राहिलं आणि रेकॉर्डवर आलं ते २००१ साली.

प्रेक्षकांतली हाणामारी हा पंकच्या कार्यक्रमांचा जुना रोग. धडधाकट पोरं पुढे घुसून धक्काबुक्की करत, मुली आणि लहान चणीची मुलं मागे ढकलली जात. मकाय गाणं मध्येच थांबवून त्या पोराशी अदबीने बोलत असे. तरी ऐकलं नाही तर पाच डॉलरचं पाकीट त्याच्या हातात ठेवून त्याला बाहेर पाठवत. सर्वांना प्रवेश म्हणायचं आणि पुढची जागा बळकट माणसांना द्यायची, हे त्यांना मान्य नव्हतं.

आपल्या शहरात ते मोफत वाजवत किंवा मदतनिधीसाठी. १२ जानेवारी १९९१ला, आखाती युद्ध तोंडावर असताना, ते व्हाइट हाउससमोरच्या लफाएट पार्कमध्ये युद्धविरोधी सभेत थंडीत वाजवत होते. लॉर्टनच्या तुरुंगातही त्यांनी कैद्यांसमोर कार्यक्रम केला. दिग्दर्शक जेम कोहेनने जवळजवळ सुरुवातीपासून केलेलं चित्रण १९९९मध्ये ‘इन्स्ट्रुमेंट’ या माहितीपटात आलं. त्यात पिचोटो बास्केटबॉलच्या कड्यातून उलटा लोंबकळत गाताना दिसतो.

अशा फिरण्याची किंमत असते. संसार वाढले, मुलं झाली, घरची आजारपणं आली, दौरे विरळ झाले. २००१चा ‘द आर्ग्युमेंट’ हा शेवटचा अल्बम, आणि ४ नोव्हेंबर २००२ला लंडनच्या फोरममध्ये शेवटचा कार्यक्रम. बँड संपल्याची घोषणा त्यांनी केली नाही.

८००हून जास्त कार्यक्रम त्यांच्या ध्वनितंत्रज्ञांनी मुद्रित करून ठेवले होते. २०११पासून डिस्कॉर्डने ते टप्प्याटप्प्याने लोकांसाठी खुले केले. त्यात खराब आवाजाच्या रात्री आहेत, तुटलेल्या तारा आहेत, प्रेक्षकांशी घातलेले वाद आहेत. नव्याने ऐकणाऱ्याने १९८८ची एखादी रात्र आणि २००२ची एखादी रात्र निवडावी आणि ‘वेटिंग रूम’ हे एकच गाणं दोन्हीकडे लागोपाठ ऐकावं.