मंगळवेढ्याचा शेतमजूर आणि बेरोजगारीचे भाकीत
मंगळवेढ्याच्या काळ्या जमिनीतील मालदांडी ज्वारी परतीच्या पावसावर आणि जमिनीत मुरलेल्या ओलीवर पोसली जात असल्याने, तो पाऊस चुकला की काढणी-मळणीच्या मजुरीवर गदा येते, आणि हे संकट काही महिने आधीच दिसू शकते. मात्र नेमके कोणाचे काम जाईल, हे सांगणे फार अवघड आहे. व्यक्तिनिहाय भाकितात वय, शिक्षण, पूर्वीच्या नोकरीचा काळ अशा नोंदींवरून प्रत्येकाच्या बेरोजगारीची संभाव्यता, म्हणजे शक्यतेचे अंकरूप माप, काढले जाते, आणि अमेरिकेत १९९३च्या कायद्याने बेरोजगार भत्ता घेणाऱ्यांपैकी कोणाची बेरोजगारी लांबेल याची या धर्तीवरील छाननी सुरू झाली. शेतमजुराच्या कामाच्या नोंदी मुळातच तुटपुंज्या असतात. शिवाय भारतातील २०१७पासूनच्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणाच्या साप्ताहिक निकषानुसार आठवड्यात एक तास काम मिळालेली व्यक्तीही रोजगारात गणली जाते, त्यामुळे मजुराचे हुकलेले काम आकड्यांत नीट दिसत नाही. या दृष्टीने १९७७च्या कायद्याचे पाठबळ लाभलेली महाराष्ट्राची रोजगार हमी योजना अधिक न्याय्य ठरते, कारण तिने मजुराचे भविष्य न वर्तविता त्याच्या मागणीनुसार काम देण्याचे तत्त्व स्वीकारले. आकडेवारीचा खरा उपयोग कोणत्या गावांत कामे आधीच मंजूर करून ठेवावीत हे ठरविण्यात आहे, आणि मंगळवेढ्यात त्यासाठी ऑक्टोबरअखेरच्या पावसाच्या नोंदी हाताशी असतातच.